डेल्फ्टचा कापडवाला

माझी तेहेतीस वर्षे बँकेत गेली. एक सवय तेव्हा जडली ती जडलीच. कुणी कितीही छातीठोकपणे सांगो, व्हाउचर पाहिल्याशिवाय रकमेपुढे खूण करायची नाही. परवा नातीच्या शास्त्राच्या पुस्तकातले पेशींचे प्रकरण तिच्याबरोबर वाचत होतो, आणि मला हॉलंडमधला एक कापडवाला आठवला. साडेतीनशे वर्षांपूर्वी जगाने त्याच्याकडे असेच व्हाउचर मागितले होते.

आंतोन व्हान लेव्हेनहूक त्याचे नाव. जन्म १६३२ सालचा, डेल्फ्ट गावचा. वडील टोपल्या विणत. ते लवकर वारले. सोळाव्या वर्षी मुलगा ॲमस्टरडॅमला कापडाच्या दुकानी उमेदवारीला लागला. पुढे गावी येऊन त्याने स्वतःचे दुकान थाटले. १६६० साली नगरसभागृहात एक साधीशी नोकरीही मिळाली. पाच मुलांपैकी मारिया तेवढी जगली. १६६६ साली पत्नीही गेली. विद्यापीठाची पायरी तो चढला नव्हता आणि विद्वानांची लॅटिन भाषा त्याला येत नव्हती.

त्याच सुमारास, १६६५ साली, लंडनच्या रॉबर्ट हूकने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यातल्या चौकटींना ‘सेल’, म्हणजे कोठडी, असे नाव दिले. पण बूच म्हणजे झाडाची मेलेली साल. हूकला तिथे भिंती दिसल्या. आतला रहिवासी केव्हाच निघून गेला होता.

तो रहिवासी पाहिला आमच्या कापडवाल्याने. व्यापारी सूत मोजायला भिंग वापरत. याने मण्याएवढी भिंगे स्वतः घडवली आणि धातूच्या पट्टीत बसवली. १६७४ साली तळ्याच्या पाण्यात त्याला हलणारे जीव दिसले. मिरे तिखट का लागते हे शोधायला त्याने ते पाण्यात भिजत घातले, तर काही दिवसांनी त्या पाण्यातही जीवांची जत्रा! १६७६ साली त्याने हे लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले. तिथल्या विद्वानांचा विश्वास बसेना. मग त्याने धर्मोपदेशकांसह आठ प्रतिष्ठितांना ते पाणी दाखवले आणि त्यांच्या सहीची निवेदने धाडली. अखेर १६७७ साली हूकनेच ते जीव सोसायटीपुढे दाखवले. १६८० साली कापडवाला सोसायटीचा सभासद झाला. १६८३ साली त्याने दातांवरच्या किटणातले जीवाणूही वर्णन करून पाठवले.

नातीच्या पुस्तकातली आकृती पाहताना वाटले, केवढी गोष्ट ही! जीवाणू म्हणजे एकच पेशी, पण तीत सगळा संसार. काय आत घ्यायचे नि काय बाहेर टाकायचे हे ठरवणारे पटल, वंशाची नोंदवही असलेले डीएनए, प्रथिने बनवणारी रायबोझोम. आपल्या पेशींत त्या नोंदवहीला केंद्रकाची स्वतंत्र खोली आणि ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका. सारे सजीव पेशींचेच बनलेले आहेत हा सिद्धांत श्लायडेन आणि श्वान यांनी मांडला तो १८३८-३९ साली.

एवढा उशीर का, याची कारणे अनेक. पण एक गोष्ट मला खुपते. आपली सर्वोत्तम भिंगे तो कुणाला दाखवत नसे, ती करण्याची रीत त्याने कुणाला शिकवली नाही. १७२३ साली नव्वदाव्या वर्षी तो गेला. सोसायटीला दिलेले त्याचे २६ चांदीचे सूक्ष्मदर्शकही पुढे हरवले. २०२१ साली उरलेल्यांपैकी सर्वात प्रभावी भिंग न्यूट्रॉन किरणांनी तपासले, तर ते काच वितळवून केलेला छोटा गोळा निघाले. ती रीत हूकने तेव्हाच छापून टाकली होती.

चार्ज न देता गेलेल्या अधिकाऱ्याला आम्ही बँकेत माफ करत नसू. याला मात्र मी माफ केले. पन्नास वर्षे तो दिसेल ते लिहून कळवत राहिला. अखेरच्या आजारात छातीखाली उठणाऱ्या विचित्र धडधडीचे वर्णनसुद्धा त्याने लंडनला पाठवले होते.