रेल्वेतला गवई

अमेरिकी कंट्री संगीताच्या तबकड्यांचे पहिले मोठे गायक जिमी रॉजर्स हे मिसिसिपीतील मेरिडियनचे, रेल्वेत ब्रेकमन. १९२४ मध्ये क्षयाचे निदान झाले; पुढे नोकरी सुटली, गाणे उरले. ४ ऑगस्ट १९२७ रोजी ब्रिस्टल येथे व्हिक्टर कंपनीसाठी राल्फ पिअर यांनी त्यांची पहिली दोन गाणी ध्वनिमुद्रित केली. ब्लूज गाता गाता आवाज एकदम वरच्या पट्टीत नेणारे त्यांचे योडेलिंग लवकरच घरोघरी पोहोचले. क्षयरोग्याने हे गावे, हेच नवल.

मे १९३३ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टुडिओत दोन गाण्यांच्या मध्ये ते खाटेवर पडून दम घेत आणि पुन्हा उठून गात. कुटुंबासाठी पैसा हवा होता. २४ मे रोजी शेवटचे गाणे झाले. २६ मे रोजी, अवघ्या पस्तिशीत, त्यांचे निधन झाले. पार्थिव मेरिडियनला नेले ते रेल्वेनेच.