रंग नावाचा शास्त्रज्ञ

केमिकलच्या पोरांना एचपीएलसी म्हटलं की व्हायवा आठवतो. डिटेक्टर कोणता, वेव्हलेंग्थ किती, सगळं पाठ! पण या मशीनच्या मुळाशी एक माणूस आहे, हे व्हायव्यात कुणी विचारत नाही. त्याचीच गोष्ट मी सांगणार आहे. मी कॉन्व्हेंटची, तेव्हा मराठी जरा सांभाळून घ्या.

मिखाईल त्स्वेत यांचा जन्म १८७२ साली इटलीतल्या आस्ती गावी झाला. वडील रशियन, आई इटालियन. आई लवकरच वारली. बालपण आणि शिक्षण स्वित्झर्लंडमध्ये झालं. १८९६ मध्ये जिनिव्हाची डॉक्टरेट घेऊन ते रशियात गेले, तर तिथे ती डिग्री चालेना! मग पुन्हा अभ्यास. १९०१ मध्ये कझानला मास्टर्स केलं आणि त्यानंतर वॉर्सात नोकरी धरली.

त्स्वेत मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. पानातल्या हिरव्या रंगात नेमकं काय काय आहे, हा त्यांचा प्रश्न. त्यांनी काचेच्या नळीत कॅल्शियम कार्बोनेटची, म्हणजे खडूची पूड दाबून भरली. वरून पानांचा अर्क ओतला आणि मागोमाग सॉल्व्हंट सोडलं. जो घटक पुडीला घट्ट चिकटतो तो मागे राहतो, कमी चिकटतो तो पुढे जातो. नळीत हिरवे-पिवळे पट्टे वेगळे झाले! १९०६ मध्ये त्यांनी या पद्धतीला क्रोमॅटोग्राफी हे नाव दिलं. गंमत म्हणजे रशियनमध्ये त्स्वेतचा अर्थच रंग.

तेव्हा डिटेक्टर एकच, माणसाचा डोळा. त्यामुळे रंग नसलेले पदार्थ दिसायचेच नाहीत. आज आपल्या लॅबमधला यूव्ही डिटेक्टर २५४ नॅनोमीटरचा प्रकाश किती शोषला गेला ते मोजतो आणि न दिसणाऱ्या पदार्थाचाही पीक स्क्रीनवर येतो.

पण त्या काळच्या दिग्गजांना ही पद्धत पटली नाही. टीकाकारांपैकी विलस्टॅटर यांना १९१५ मध्ये वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरच नोबेल मिळालं. त्याच वर्षी महायुद्धामुळे त्स्वेत यांना वॉर्सा सोडावं लागलं. मग मॉस्को, निझनी नोव्हगोरोद, युर्येव, व्होरोनेझ अशी नुसती फरफट. १९१९ मध्ये, अवघ्या ४७व्या वर्षी ते गेले.

१९३१ मध्ये हायडेलबर्गला कून आणि लेडरर यांनी हीच नळीची पद्धत वापरून कॅरोटिनचे प्रकार वेगळे केले, तेव्हा कुठे जगाला जाग आली. त्स्वेत जाऊन बारा वर्षं झाली होती.

मला एकच गोष्ट सलते. पुरावा नळीत रंगीत होऊन उभा होता, त्यासाठी महागडं मशीनही लागत नव्हतं. तरी मोठमोठ्यांना तो दिसला नाही. पुढच्या व्हायव्याला डिटेक्टरचे प्रकार सांगाल ना, तेव्हा मनातल्या मनात या माणसाचंही नाव घ्या.