भीमराव रामजी आंबेडकर : महाडचा लढा आणि धर्म–शासन संबंध

डॉ. भीमराव रामजी ऊर्फ बाबासाहेब आंबेडकर (१४ एप्रिल १८९१ – ६ डिसेंबर १९५६) हे अर्थशास्त्रज्ञ, कायदेपंडित, समाजसुधारक, संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष आणि स्वतंत्र भारताचे पहिले कायदामंत्री होते. धर्म आणि शासनसंस्था यांच्यात किती अंतर असावे, या प्रश्नाचा त्यांनी आयुष्यभर विचार केला. त्या विचाराला प्रत्यक्ष कसोटी लागली ती तत्कालीन कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातील महाड येथील चवदार तळ्याच्या निमित्ताने. प्रस्तुत लेखात त्यांच्या चरित्राचा आढावा मुख्यतः या अंगाने घेतला आहे.

प्रारंभिक जीवन

आंबेडकरांचा जन्म मध्य भारतातील महू या लष्करी छावणीच्या गावी झाला. घराण्याचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील आंबडवे. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते. सातारा व मुंबई येथे शालेय शिक्षण झाल्यावर १९०७ साली ते मॅट्रिक झाले. सातारच्या शाळेत त्यांना इतर मुलांपासून वेगळे बसावे लागे आणि पाण्याला हात लावता येत नसे. ती शाळा सरकारी होती; तेथील पाण्याचा नियम मात्र सरकारचा नव्हता. या विसंगतीचा अर्थ पुढे महाडमध्ये उलगडला.

बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर त्यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आणि नंतर लंडनमध्ये अर्थशास्त्राचे उच्च शिक्षण घेतले. बॅरिस्टर होऊन १९२३ साली ते मुंबईस परतले आणि उच्च न्यायालयात वकिली करू लागले. १९२४ साली त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना केली. १९२७ पासून ते मुंबई विधिमंडळाचे सरकारनियुक्त सदस्य होते.

महाडची पार्श्वभूमी

महाबळेश्वरच्या डोंगरातून उतरणारी सावित्री नदी पोलादपूरवरून महाडला येते आणि पुढे दासगावावरून बाणकोटच्या खाडीला मिळते. या मुलखातील अनेक महार कुटुंबांतील पुरुषांनी इंग्रजांच्या लष्करात नोकरी केली होती. तेथे मिळालेल्या शिक्षणामुळे अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजात हक्कांची जाणीव येथे लवकर आली. महाडजवळच्या रावढळ येथील निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अस्पृश्यतेविरुद्ध लेखन केले. सरकारने त्यांची महाड तालुका लोकल बोर्डावर नेमणूक केली, तेव्हा तेथील सवर्ण सभासदांनी नाराजी दर्शविली. सरकारी संस्थेत कोणी कोणाशेजारी बसावे हे धर्माने ठरवायचे की सरकारने, हा वाद त्यामुळे महाडला नवा नव्हता.

४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मांडलेला एक ठराव मुंबई विधिमंडळाने मंजूर केला. सरकारी पैशातून बांधलेल्या अथवा चालविल्या जाणाऱ्या, तसेच कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांच्या ताब्यातील विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, दवाखाने यांचा वापर अस्पृश्यांना करू द्यावा, अशी शिफारस त्यात होती. ठरावाला धर्मशास्त्राचा आधार दिलेला नव्हता आणि त्यात धर्माचे खंडनही नव्हते. निकष एकच होता : पैसा आणि कारभार कोणाचा? १९२६ साली बोल्यांनीच दुसरा ठराव आणून, हे न पाळणाऱ्या नगरपालिकांचे व लोकल बोर्डांचे अनुदान थांबवावे, अशी मागणी केली.

महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. तीन वर्षे तो दप्तरातच राहिला. मुसलमान तळ्याचे पाणी भरत, गुरेही तेथे पाणी पीत; अस्पृश्य मात्र काठाशी जाऊ धजत नसत.

चवदार तळ्याचा सत्याग्रह

१९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. दासगावचे तरुण कार्यकर्ते रामचंद्र बाबाजी मोरे यांनी तिच्यासाठी पुढाकार घेतला होता. अनंत विनायक चित्रे, गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे आणि सुरेंद्रनाथ टिपणीस हे सवर्ण सहकारी सोबत होते. गावातील पाणवठे बंद असल्यामुळे परिषदेसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. नगरपालिकेचा ठराव असताना नगरपालिकेच्या गावात पाणी विकत घ्यावे लागते, याहून त्या ठरावावरचे बोलके भाष्य दुसरे नसेल.

दुसऱ्या दिवशी परिषद संपता संपता चित्रे यांच्या सूचनेवरून प्रतिनिधी मिरवणुकीने तळ्यावर गेले. आंबेडकरांनी ओंजळीने पाणी घेतले आणि मागोमाग इतरांनी. त्यानंतर तासा-दोन तासांत, अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी हूल गावात उठली. परिषदेने तसे काहीच ठरविले नव्हते. तरी जमावाने जेवणाच्या तयारीत असलेल्या आणि घरी परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ला केला. आंबेडकरांनी आपल्या लोकांना प्रतिहल्ला करू दिला नाही. हल्लेखोरांपैकी काहींना पुढे सक्तमजुरीची शिक्षा झाली. तळ्यातून एकशे आठ घागरी पाणी काढून, त्यात दूध, दही, शेण, गोमूत्र मिसळून, मंत्रोच्चारासह ते पुन्हा तळ्यात ओतण्यात आले आणि तळे शुद्ध झाल्याचे मानण्यात आले.

येथपर्यंतचा विरोध समाजाचा होता. ४ ऑगस्ट १९२७ रोजी त्यात शासनयंत्रणाही सामील झाली. बोले ठरावाला बरोबर चार वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी महाड नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. कायद्याने स्थापन झालेल्या संस्थेने सार्वजनिक मालमत्तेच्या बाबतीत एका धार्मिक रूढीला शरण जाणे, हा या प्रकरणाचा गाभा होय. सत्याग्रहाच्या वर्णनांत तो बहुधा झाकला जातो.

मनाईहुकूम आणि दुसरी परिषद

आंबेडकरांनी डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह जाहीर केला. त्याआधीच महाडच्या काही सवर्ण रहिवाशांनी स्थानिक दिवाणी न्यायालयात दावा लावला. तळे आपल्या खासगी मालकीचे आहे आणि अस्पृश्यांना ते वर्ज्य असल्याची रूढी अनादी काळापासून चालत आली आहे, असे त्यांचे म्हणणे होते. १४ डिसेंबर १९२७ रोजी न्यायालयाने आंबेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध तात्पुरता मनाईहुकूम काढला.

परिषदेला गावात जागा मिळेना. ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी दिली. मुंबईहून आंबेडकर व प्रतिनिधी बोटीने दासगावला उतरले आणि तेथून पायी महाडला आले. अध्यक्षीय भाषणात त्यांनी या परिषदेची तुलना १७८९ साली व्हर्साय येथे भरलेल्या फ्रेंच राष्ट्रीय सभेशी केली. २५ डिसेंबरच्या रात्री, सहस्रबुद्धे यांनी मांडलेल्या ठरावानुसार, मनुस्मृतीचे दहन करण्यात आले. जन्मावरून नागरिकांचे हक्क व शिक्षा ठरविणारा ग्रंथ म्हणून तिला विरोध होता. धर्मग्रंथ आणि कायद्याचा ग्रंथ ही दोन्ही पदे मनुस्मृतीकडे होती, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे.

जमलेले हजारो लोक तळ्यावर जाण्यास उत्सुक होते. जिल्हाधिकाऱ्यांनी परिषदेत येऊन न्यायालयाचा आदेश पाळण्याची विनंती केली. सवर्ण समाज आणि सरकार यांच्याशी एकाच वेळी संघर्ष ओढवून घेण्यास आंबेडकर तयार नव्हते. अखेर सत्याग्रह तहकूब झाला. लोक मिरवणुकीने तळ्याभोवती फिरले, पण पाण्याला कोणी स्पर्श केला नाही. हा निर्णय त्यांच्या अनुयायांना सोपा गेला नाही.

दहा वर्षांचा दावा

मनाईहुकूम फेब्रुवारी १९२८ मध्ये उठला, दावा मात्र चालू राहिला. १८५७ च्या उठावानंतर धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याचे धोरण इंग्रज सरकारने जाहीर केले होते. व्यवहारात या तटस्थतेचा अर्थ पुष्कळदा जुनी रूढी जशीच्या तशी राखणे असा होई. शासन बाजूला उभे राहिले की बलवानाची रूढी हाच कायदा होतो, हे महाडच्या दाव्यात उघड दिसत होते.

८ जून १९३१ रोजी महाडच्या न्यायालयाने दावा फेटाळला. तळे नगरपालिकेचे असल्याचे त्याने मान्य केले. वहिवाट दीर्घकाळची असली तरी, एका वर्गाने पाणी वापरले आणि दुसऱ्याने वापरले नाही एवढ्यावरून पहिल्याला कायदेशीर हक्क मिळत नाही, असा त्याचा निर्वाळा होता. ठाण्याच्या न्यायालयाने जानेवारी १९३३ मध्ये अपील फेटाळले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड व वाडिया यांनी अंतिम निकाल दिला : अनादी रूढी सिद्ध झालेली नाही, सबब अपील नामंजूर. चार ते पाच एकरांचे, बहुतांशी नैसर्गिक असलेले हे तळे सभोवती नगरपालिकेच्या रस्त्यांनी वेढलेले असून महाडला १८६५ पूर्वी नगरपालिकाच नव्हती, आदी तपशील निकालपत्रात आहे.

हा विजय पुराव्याच्या मुद्द्यावर मिळाला होता. अशी रूढी सिद्ध झाली असती तर ती न्याय्य अथवा सार्वजनिक हिताला धरून ठरली असती काय, हा प्रश्न न्यायालयाने मोकळाच ठेवला, कारण त्याची आवश्यकता उरली नव्हती. दुसऱ्या एखाद्या गावी जुने कागद सापडले असते, तर निकाल उलटाही लागू शकला असता.

देऊळ, पुरोहित आणि शासन

१९३० साली नाशिकच्या काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. तो अनेक वर्षे चालला, पण मंदिर उघडले नाही. १९३५ साली येवले येथे त्यांनी हिंदू धर्म सोडण्याचा निर्धार जाहीर केला. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले, पण सभा रद्द झाल्यामुळे स्वतंत्रपणे छापलेले त्यांचे भाषण धर्म व शासन यांच्या संबंधाच्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. पुरोहितपद वंशपरंपरेने न राहता परीक्षेने मिळावे, पुरोहिताला शासनाची सनद असावी आणि तो इतर नोकरांप्रमाणे शासनाच्या शिस्तीखाली असावा, अशी सूचना त्यांनी त्यात केली. धर्म आणि शासन यांच्यात अभेद्य भिंत हवी, असे मानणाऱ्याला ही सूचना चमत्कारिक वाटेल. संविधानात तिला स्थान मिळाले नाही आणि ते योग्यच झाले असे म्हणावे लागेल, कारण सनद देणारे शासन उद्या धर्मही ठरवू लागते. तथापि जन्मसिद्ध अधिकाराला आव्हान देण्याची निकड तिच्यातून स्पष्ट होते.

संविधानातील तरतुदी

१९४७ साली संविधान सभेसाठी तयार केलेल्या आपल्या निवेदनात आंबेडकरांनी, राज्याने कोणताही धर्म राज्यधर्म म्हणून मानू नये, असे कलम सुचविले होते. मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून मात्र १५ नोव्हेंबर १९४८ रोजी त्यांनी प्रा. के. टी. शहा यांची दुरुस्ती स्वीकारली नाही. भारत हे धर्मनिरपेक्ष, संघराज्यात्मक, समाजवादी राज्य असल्याचे शब्दांत लिहावे, अशी ती दुरुस्ती होती. समाजाची घडी कशी असावी हे त्या त्या काळच्या लोकांनी ठरवावे, संविधानाने त्यांचे हात बांधू नयेत, असा आंबेडकरांचा युक्तिवाद होता. उद्देशिकेत धर्मनिरपेक्ष हा शब्द १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आला. (हिंदी पाठात त्या जागी पंथनिरपेक्ष हा शब्द आहे, मराठीत धर्मनिरपेक्ष हाच रूढ झाला.)

शब्द नव्हता तरी आशय होता. कोणत्याही विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी कर देण्याची सक्ती नाही (अनुच्छेद २७). पूर्णतः सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण नाही (अनुच्छेद २८). ही अंतर राखणारी कलमे झाली. त्यांच्या शेजारीच हस्तक्षेपाची कलमे आहेत. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. अनुच्छेद २५ ने धर्मस्वातंत्र्य देतानाच सार्वजनिक स्वरूपाची हिंदू मंदिरे सर्व हिंदूंना खुली करण्याचा कायदा करण्याची मुभा शासनाला दिली. आणि अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात, सरकारी पैशातून राखलेल्या किंवा जनतेसाठी अर्पण केलेल्या विहिरी, तळी, स्नानघाट व रस्ते यांच्या वापराबाबत धर्म, वंश, जात, लिंग अथवा जन्मस्थान या कारणांवरून कोणालाही मज्जाव करता येणार नाही, असे नमूद झाले. बोले ठरावाशी या खंडाचे साम्य सहज ध्यानात येते. उच्च न्यायालयाने १९३७ साली मोकळा ठेवलेला प्रश्न येथे मिटला; रूढी कितीही जुनी असली तरी तिचे वय आता गैरलागू ठरले.

व्यक्तिगत कायद्यांवरील चर्चेत, भारतात धर्माच्या कल्पना जन्मापासून मृत्यूपर्यंत सर्व व्यवहार व्यापतात, तेव्हा धर्माची व्याख्या मूलतः धार्मिक अशा श्रद्धा व विधींपुरती मर्यादित केल्याशिवाय समाजसुधारणेचा कोणताही कायदा करता येणार नाही, असे मत त्यांनी मांडले. त्याच वेळी समान नागरी कायद्याची सुरुवात स्वेच्छेने तो स्वीकारणाऱ्यांपासून करता येईल, असेही त्यांनी सुचविले होते.

हिंदू संहिता विधेयक आणि अखेरची वर्षे

कायदामंत्री या नात्याने विवाह, घटस्फोट, वारसा व दत्तक यांविषयीचे हिंदू संहिता विधेयक त्यांनी संसदेत पुढे नेले. शासनाने धर्मात ढवळाढवळ करू नये, हा विरोधकांचा एक मुख्य आक्षेप होता. केवळ हिंदूंसाठीच कायदा का, असेही विचारले गेले आणि हा आक्षेप आजही घेतला जातो. विधेयक रखडल्यावर आंबेडकरांनी सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्यातील बराचसा भाग १९५५–५६ मध्ये चार स्वतंत्र कायद्यांच्या रूपाने मंजूर झाला.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. धर्म समाजाला आवश्यक आहे, असे ते अखेरपर्यंत मानीत होते. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्ली येथे त्यांचे निधन झाले.

स्मृती

महाड येथे चवदार तळ्याकाठी आंबेडकरांचा पुतळा असून मनुस्मृतिदहनाच्या स्मरणार्थ क्रांतिस्तंभ उभारलेला आहे. दर वर्षी २० मार्च आणि २५ डिसेंबर या दिवशी महाराष्ट्राच्या सर्व भागांतून लोक येथे येतात व तळ्यातील पाणी ओंजळीत घेतात.