लक्ष्मीकांत, रामू आणि आमचा मोत्या

गेल्या पावसाळ्यात आपल्या हॉस्टेलचा मोत्या गेला. भक्ती-शक्ती चौकाजवळ रात्री कुठल्यातरी गाडीने उडवलं त्याला. सबमिशनच्या रात्री मेसची अर्धी पोळी ज्याच्याबरोबर वाटून खाल्ली, त्याला आम्ही सकाळी हॉस्टेलच्या मागे पुरलं. त्या दिवशी कुणी लेक्चरला गेलं नाही.

मी पडलो कॉन्व्हेंटचा. दुःखातही मला इंग्लिश गाणंच आठवलं. हेन्री ग्रॉसचं १९७६ सालचं ‘शॅनन’. बीच बॉईजमधल्या कार्ल विल्सनच्या आयरिश सेटर कुत्र्याच्या मरणावरचं ते गाणं. मी ते लावलं, पण रूममध्ये कुणाला काही वाटलं नाही. मग मेसचे मामा ताटं वाढता वाढता ‘हाथी मेरे साथी’मधलं, रामू हत्तीच्या शेवटच्या निरोपाचं गाणं गुणगुणायला लागले आणि अख्खी विंग रडली!

आवाज रफीसाहेबांचा, शब्द आनंद बक्षींचे, संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं. यातले लक्ष्मीकांत म्हणजे लक्ष्मीकांत शांताराम कुडाळकर, आपला मराठी माणूस, हे मला विसाव्या वर्षी कळलं. खरं सांगू? लाज वाटली. म्हणून हा लेख.

जन्म ३ नोव्हेंबर १९३७, ऐन दिवाळीतला, म्हणून नाव लक्ष्मीकांत. पण घरात लक्ष्मी नव्हती. वडील लहानपणीच गेले. विलेपार्ल्याच्या गरीब वस्तीत वाढलेल्या या पोराला शाळा पुरी करता आली नाही. त्याने मेंडोलिन हातात घेतलं आणि त्याच्यावर घर चालवलं. दहा-एक वर्षांचा असताना लतादीदींच्या कार्यक्रमात साथ केली, तेव्हा दीदींचं लक्ष त्याच्याकडे गेलं. पुढे मंगेशकरांच्या सुरील कला केंद्रात त्याला तीन वर्षांनी लहान असलेला, व्हायोलिन वाजवणारा प्यारेलाल भेटला. दोघांची परिस्थिती सारखीच. मैत्री जमली ती कायमचीच.

बरीच वर्षं दोघांनी दुसऱ्यांच्या गाण्यांत वाजवलं, कल्याणजी-आनंदजींकडे असिस्टंट म्हणून राबले. १९६३ला ‘पारसमणी’ आला. पुढच्याच वर्षी ‘दोस्ती’. त्यात एकही मोठा स्टार नाही, तरी ‘संगम’ला मागे टाकून फिल्मफेअर मिळालं! एकूण सात फिल्मफेअर आणि पाचशेहून जास्त चित्रपट. आपण चार वर्षांत एक प्रोजेक्ट धड पुरा करत नाही.

१९७१च्या ‘हाथी मेरे साथी’त राजेश खन्ना आणि आपली तनुजा होती. पण लोक रडले ते मालकासाठी गोळी झेलणाऱ्या रामूसाठी. मला वाटतं, ज्याने लहानपणीच आपलं माणूस गमावलंय, त्याला मुक्या जनावराचंही जाणं परकं वाटत नसणार.

२५ मे १९९८ला किडनीच्या आजाराने लक्ष्मीकांत गेले. वय फक्त साठ. २०२४ला प्यारेलालजींना पद्मभूषण मिळालं, तेव्हाही लोकांच्या तोंडी दोन्ही नावं एका दमातच आली. जोडीतला एक गेला म्हणून जोडी मोडत नाही, नाही का?

मोत्याच्या जागेवर आम्ही गुलमोहर लावलाय. सुट्टीत घरी न जाणाऱ्यांनी पाणी घालायला विसरू नका. आणि घालताना ते गाणं गुणगुणलात, तर आवाज कसाही असो, चालेल!