व्यापाराची वाट सुकर करणारे कॉर्डेल हल

मंदीच्या तडाख्यातून सावरू पाहणाऱ्या देशांना परस्परांशी व्यापार करणे सोपे झाले पाहिजे, हा विचार आज सर्वसाधारणपणे मान्य झाला आहे. मात्र गेल्या शतकातील महामंदीच्या काळात जगाची वाटचाल नेमकी उलट दिशेने सुरू होती. देशोदेशींच्या सरकारांनी आयातशुल्काच्या भिंती उंचावल्या होत्या आणि त्यामुळे मंदी अधिकच गहिरी होत होती. अशा वेळी शुल्क ठरवण्याची पद्धतच बदलण्याचा आग्रह धरून तो तडीस नेणारे मुत्सद्दी म्हणजे अमेरिकेचे तत्कालीन परराष्ट्रमंत्री कॉर्डेल हल. १९४५ चे नोबेल शांतता पारितोषिक त्यांना प्रदान करण्यात आले.

हल यांचा जन्म २ ऑक्टोबर १८७१ रोजी टेनेसी राज्याच्या डोंगराळ भागात, लाकडी ओंडक्यांच्या एका साध्या घरात झाला. त्याच दिवशी पोरबंदर येथे जन्मलेले मोहनदास गांधी दोन वर्षांचे झाले होते. विल्यम आणि एलिझाबेथ हल यांच्या पाच मुलांपैकी कॉर्डेल हे तिसरे. वडिलांनी पुढे लाकडाच्या व्यापारात जम बसवला. जंगलात तोडलेल्या ओंडक्यांचे तराफे बांधून ते नदीतून नॅशव्हिलच्या बाजारपेठेपर्यंत नेले जात. तरुण कॉर्डेल यांनीही असा प्रवास केला. माल तयार असला तरी तो गिऱ्हाइकापर्यंत पोहोचल्याशिवाय त्याला मोल येत नाही, हे त्यांनी अशा रीतीने लहान वयातच पाहिले.

१८९१ मध्ये त्यांनी कायद्याची पदवी संपादन केली आणि दोनच वर्षांत ते टेनेसीच्या विधिमंडळात निवडून आले. १८९८ च्या स्पेन-अमेरिका युद्धात त्यांनी कॅप्टन म्हणून क्युबामध्ये सेवा बजावली. काही वर्षे न्यायाधीशपद भूषवल्यानंतर १९०७ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षातर्फे त्यांनी अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधीगृहात प्रवेश केला. १९२० च्या निवडणुकीतील पराभवाने पडलेला दोन वर्षांचा खंड वगळता ते १९३१ पर्यंत या सभागृहाचे सदस्य होते. त्यानंतर त्यांची सिनेटवर निवड झाली.

वक्तृत्वासाठी हल प्रसिद्ध नव्हते. करप्रणालीचा सखोल अभ्यास हे त्यांचे बलस्थान होते. १९१३ च्या संघीय प्राप्तिकर कायद्याच्या जडणघडणीत त्यांचा मोठा वाटा होता. त्या काळी अमेरिकी सरकारचे उत्पन्न मुख्यतः आयातशुल्क आणि अबकारी करांवर अवलंबून असे. प्राप्तिकर सुरू झाल्यावर शुल्क कमी करूनही राज्यकारभार चालवणे शक्य होईल, असे त्यांचे गणित होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांच्या विचाराला आणखी एक परिमाण लाभले. बाजारपेठा बंद झाल्या की राष्ट्रांमध्ये वैर वाढते आणि त्याची परिणती युद्धात होऊ शकते, अशी त्यांची धारणा बनली. ती त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही.

१९२९ मध्ये अमेरिकेत नव्या शुल्क विधेयकाची चर्चा सुरू झाली, तेव्हा हल यांनी त्याला विरोध केला. शुल्काचा प्रत्येक दर संसदेत ठरत असे. एका मतदारसंघाचा प्रतिनिधी साखरेवर शुल्क मागे, दुसरा लोकरीवर आणि तिसरा लाकडावर. मग तिघेही परस्परांच्या मागण्यांना पाठिंबा देत. अशा देवाणघेवाणीतून शेकडो वस्तूंवरील शुल्क वाढले. हे विधेयक फेटाळावे, अशी विनंती एक हजाराहून अधिक अर्थतज्ज्ञांनी राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूव्हर यांना केली होती. मात्र सिनेटमध्ये ४४ विरुद्ध ४२ अशा निसटत्या बहुमताने ते संमत झाले आणि १७ जून १९३० रोजी हूव्हर यांनी त्यावर स्वाक्षरी केली. हाच तो स्मूट-हॉली कायदा.

कॅनडासह अनेक देशांनी या कायद्याला प्रत्युत्तर म्हणून आपापले शुल्क वाढवले. १९२९ मध्ये अमेरिकेची निर्यात सुमारे ५.२ अब्ज डॉलरची होती. १९३२ मध्ये ती सुमारे १.६ अब्ज डॉलरवर आली. या घसरणीला कोसळलेल्या किमती आणि बँकांचे दिवाळेही कारणीभूत होते. तथापि शुल्काच्या भिंतींनी सावरण्याची वाट अडवून धरली. दक्षिणेकडील राज्यांतील कापूस उत्पादकांना आणि मध्य-पश्चिमेतील गहू पिकवणाऱ्या शेतकऱ्यांना याची झळ विशेष बसली.

४ मार्च १९३३ रोजी फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी राष्ट्राध्यक्षपदाची सूत्रे स्वीकारली आणि हल परराष्ट्रमंत्री झाले. त्याच वर्षी जूनमध्ये लंडन येथे जागतिक आर्थिक परिषद भरली. शुल्ककपातीचे अधिकार देणारे विधेयक लवकरच संसदेत मांडले जाईल, या आशेने हल बोटीने निघाले होते. मात्र रूझवेल्ट यांनी ते विधेयक तूर्त बाजूला ठेवले आणि हल यांना रिकाम्या हाताने परिषदेला सामोरे जावे लागले. परिषद निष्फळ ठरली. इतर कोणी राजीनामा दिला असता. हल यांनी धीर धरला. डिसेंबर १९३३ मध्ये उरुग्वेची राजधानी माँटेव्हिडिओ येथे भरलेल्या अमेरिका खंडातील राष्ट्रांच्या परिषदेत त्यांनी शुल्ककपातीचा ठराव मांडला आणि तो संमत करून घेतला.

अखेर १२ जून १९३४ रोजी परस्पर व्यापार करार कायदा अस्तित्वात आला. परदेशाशी करार करून शुल्काचे दर ५० टक्क्यांपर्यंत कमी किंवा अधिक करण्याचा अधिकार त्याने राष्ट्राध्यक्षांना दिला. अशा प्रत्येक कराराला सिनेटच्या दोन तृतीयांश बहुमताची गरज उरली नाही. हा अधिकार मात्र तीन वर्षांपुरताच होता, त्यामुळे मुदतवाढीसाठी संसदेपुढे जाणे क्रमप्राप्त होते. करारापूर्वी उद्योजक आणि शेतकऱ्यांचे म्हणणे ऐकून घेण्याची व्यवस्थाही करण्यात आली. एका देशाला दिलेली सवलत सर्वाधिक पसंतीच्या राष्ट्राच्या तत्त्वानुसार, भेदभाव न करणाऱ्या इतर देशांनाही लागू होत असे. त्यामुळे प्रत्येक देशासाठी निराळे दरपत्रक ठेवण्याचा खटाटोप टळला.

पहिला करार ऑगस्ट १९३४ मध्ये क्युबाशी झाला. क्युबाच्या साखरेवरील शुल्क पौंडामागे १.५ सेंटवरून ०.९ सेंटवर आले. १९३५ मध्ये कॅनडाशी, तर १९३८ मध्ये ब्रिटनशी करार झाला. हे काम सहजसाध्य नव्हते. राष्ट्राध्यक्षांचे व्यापारविषयक सल्लागार जॉर्ज पीक यांचा कल वस्तूंच्या थेट अदलाबदलीकडे होता. जर्मनीला मोठ्या प्रमाणावर कापूस देण्याचा त्यांचा सौदा १९३४ च्या अखेरीस हल यांच्या विरोधामुळे बारगळला आणि पुढच्या वर्षी पीक पायउतार झाले. १९४५ पर्यंत अमेरिकेने २७ देशांशी ३२ करार केले. दरम्यान १९३७ मध्ये तिची निर्यात तीन अब्ज डॉलरच्या पुढे गेली होती. याचे सर्व श्रेय करारांना देता येणार नाही. डॉलरचे अवमूल्यन आणि जगभर सुधारलेली मागणी यांचाही त्यात भाग होता. व्यापाराने शांतता टिकेल ही हल यांची आशा तर १९३९ मध्ये दुसऱ्या महायुद्धाने फोल ठरवली.

हल यांच्या कारकिर्दीवर एक गडद छायाही आहे. मे १९३९ मध्ये नऊशेहून अधिक प्रवाशांना घेऊन जर्मनीहून निघालेल्या सेंट लुइस या जहाजाला क्युबाने माघारी धाडले. प्रवाशांत बहुतेक ज्यू निर्वासित होते. अमेरिकेनेही त्यांना उतरू दिले नाही. युरोपात परतलेल्यांपैकी सुमारे अडीचशे जण पुढे नाझींच्या नरसंहारात बळी पडले. मालासाठी सीमा खुल्या करण्याचा ध्यास घेतलेल्या हल यांच्या खात्याने जीव वाचवण्यासाठी आलेल्या माणसांसाठी ती तत्परता दाखवली नाही, ही टीका इतिहासात कायम राहिली आहे.

१९४३ च्या मॉस्को परिषदेत नव्या जागतिक संघटनेच्या स्थापनेला महासत्तांची संमती मिळवण्यात हल यांनी मोलाची कामगिरी बजावली. प्रकृती ढासळल्याने नोव्हेंबर १९४४ मध्ये त्यांनी पद सोडले. सलग ११ वर्षांहून अधिक काळ या पदावर राहिलेले ते एकमेव अमेरिकी परराष्ट्रमंत्री होत. संयुक्त राष्ट्रसंघाच्या उभारणीतील योगदानाबद्दल त्यांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले. आजारपणामुळे ते स्वीकारण्यासाठी त्यांना ऑस्लोला जाता आले नाही. २३ जुलै १९५५ रोजी वॉशिंग्टन येथे त्यांचे निधन झाले.

त्यांनी घालून दिलेली पद्धत मात्र पुढे चालू राहिली. १९३४ च्या कायद्याला १९४५ मध्ये मिळालेल्या मुदतवाढीच्या आधारेच अमेरिका जीनिव्हातील वाटाघाटींत उतरली. त्यातून ऑक्टोबर १९४७ मध्ये २३ देशांनी जकात व व्यापारविषयक सर्वसाधारण करार, म्हणजेच गॅट करार केला. अवघ्या अडीच महिन्यांपूर्वी स्वतंत्र झालेला भारतही त्यांत होता. सीमाशुल्कविषयक शुल्क-आकारणी आणि कागदपत्रे कमी करावीत, हे तत्त्व त्या करारातच नमूद होते. १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना स्थापन झाली. तिच्या व्यापार सुलभीकरण कराराला भारताने एप्रिल २०१६ मध्ये मान्यता दिली आणि २२ फेब्रुवारी २०१७ रोजी तो अमलात आला. बंदरावर अडकून पडलेला माल लवकर सुटावा, यासाठी झालेल्या या करारामागे टेनेसीच्या नदीतून ओंडके वाहून नेणाऱ्या त्या तरुणाच्या चिकाटीचाही वाटा आहे.