रमाबाई आंबेडकर : दोन खोल्यांचा संसार

थोर पुरुषांची चरित्रे आपण शाळेत वाचतो. त्यांनी कोणत्या पदव्या मिळविल्या, कोणते ग्रंथ लिहिले, हे सारे पाठ होते. परंतु त्या काळात त्यांच्या घरची चूल कशी पेटत होती, हे क्वचितच लिहिले जाते. आपण बायकांनी तरी ते विचारावे, म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पत्नी रमाबाई यांचे चरित्र येथे थोडक्यात देत आहे.

रमाबाईंचा जन्म १८९८ साली झाला. माहेर दापोलीकडचे वणंद गाव. वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहण्याचे काम करीत. ओझे उचलावे तेव्हा घरात दाणे यावेत, अशी स्थिती. आई रुक्मिणी लवकर गेली, मागोमाग वडीलही गेले. पोरक्या भावंडांना चुलते व मामा मुंबईस घेऊन आले आणि भायखळ्याला ही मुले वाढली.

सासरही पैसेवाले नव्हते. सासरे सुभेदार रामजी यांना लष्कराचे निवृत्तिवेतन होते, महिना ५० रुपये. परळच्या डबक चाळीत एका खोलीत बिऱ्हाड. त्यातच स्वयंपाक, त्यातच झोपणे, त्यातच भीमरावांचा अभ्यास. मुलाला लवकर निजवून सुभेदार स्वतः जागत आणि रात्री दोन वाजता त्याला अभ्यासाला उठवीत. पुस्तकाला पैसे नसले म्हणजे ते आपल्या विवाहित मुलींकडे, मंजुळा व तुळसा यांच्याकडे जात, दागिना मागून आणीत, गहाण ठेवीत आणि वेतन हाती आले की सोडवून परत करीत. बाबासाहेबांच्या विद्येला असा बहिणींच्या अंगावरच्या दागिन्यांचाही हातभार आहे.

१९०६ साली भायखळ्याच्या बाजारात रात्री लग्न लागले. दिवसाचा बाजार उठल्यावर त्याच जागेत मांडव, आणि विक्रीचे दगडी ओटे हीच वऱ्हाडाची बैठक. नवरी आठ-नऊ वर्षांची, नवरदेव पंधराच्या आतबाहेर. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. १९१२ साली यशवंतचा जन्म झाला. १९१३ च्या फेब्रुवारीत सुभेदार वारले आणि त्याच वर्षी बडोदे सरकारची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव अमेरिकेस गेले. ते १९१७ साली परत आले.

तोवर बिऱ्हाड परळच्या पोयबावडीतील इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत आले होते. शेजार सारा कामगारांचा. दोन खोल्यांचा हा संसार १९३४ पर्यंत तेथेच चालला. एका खोलीत घरची माणसे आणि चूल, दुसरीत पुस्तके. दीर आनंदराव वारल्यावर जाऊबाई लक्ष्मीबाई व त्यांचा मुलगा मुकुंद यांचाही भार याच घरावर आला. रमाबाई शेण गोळा करून गोवऱ्या थापीत आणि त्यावर घर चालवीत, असे जुनी माणसे सांगत आली आहेत.

१९१८ साली बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगार ४५० रुपये. आता तरी सुखाचे दिवस येतील असे कोणासही वाटावे. परंतु लंडनचा अर्धवट राहिलेला अभ्यास पुरा करावयाचा होता. घरखर्चाला ठरलेली रक्कम रमाबाईंच्या हाती येई, बाकीची शिल्लक पडे. १९२० साली ते पुन्हा गेले, ते १९२३ साली बॅरिस्टर होऊन परतले.

या साऱ्या काळात घरात पाळणा हलला आणि थांबला, पुन्हा हलला आणि थांबला. गंगाधर, रमेश, इंदू ही लेकरे गेली. १९२६ च्या जुलैत लाडका राजरत्नही गेला. पाच मुलांपैकी एकटा यशवंत राहिला, तोही लहानपणी आजारीच असे. आपण काटकसरीचे फार कौतुक करतो. रमाबाईंच्या काटकसरीचे कौतुक करताना ही चार मुले विसरता कामा नये. दूध, औषध आणि हवा यांच्या टंचाईत गरिबांची मुले टिकत नाहीत, हे त्या काळच्या चाळींतील घरोघरचे दुःख होते. त्याला सोशिकपणा म्हणून गोंजारणे बरे नव्हे.

दुःखाने माणूस कडू होतो असे म्हणतात. रमाबाई तशा झाल्या नाहीत. हवापालटासाठी त्या धारवाडला गेल्या असता तेथील विद्यार्थी वसतिगृहात अनुदान न आल्याने मुले उपाशी राहत आहेत असे त्यांना कळले, आणि त्यांनी आपल्या सोन्याच्या बांगड्या काढून दिल्या, अशी हकिकत सांगतात. नणंदांच्या दागिन्यांवर त्यांचे यजमान शिकले होते. ते ऋण त्यांनी परक्यांच्या मुलांवर असे फेडले.

पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधून झाले. ग्रंथांना ऐसपैस जागा मिळाली, रमाबाईंना मोकळे घर मिळाले. पण शरीर आधीच झिजले होते. २७ मे १९३५ रोजी त्यांचे निधन झाले. वय अवघे सदतीस. बाबासाहेबांनी पाकिस्तानच्या प्रश्नावरील आपला १९४० सालचा ग्रंथ त्यांच्या स्मृतीस अर्पण केला. यशवंतराव पुढे भारतीय बौद्ध महासभेचे अध्यक्ष झाले. ते १९७७ साली वारले.

टोपल्या वाहणाऱ्या बापाची लेक, आणि तिच्या संसाराच्या आधाराने देशाची घटना लिहिणारा माणूस उभा राहिला. यात अभिमान आहेच. परंतु भगिनींनो, एक गोष्ट मनाशी धरावी. घरातील सर्वांचे दुखणे पाहून झाल्यावर उरले तर आपले पाहायचे, ही आपली रीत अजून गेलेली नाही. रमाबाईंच्या तसबिरीला हार घालताना आपल्या शेजारची कोण अंगावर दुखणे काढीत आहे, याची विचारपूस केली आणि तिला वेळेवर दवाखान्यात नेले, तर ते त्यांचे खरे स्मरण होईल.