कमलाबाई सोहोनी आणि प्रयोगशाळेचे दार

दुर्गाबाई भागवत मराठी वाचकाला सांगाव्या लागत नाहीत. ‘ऋतुचक्र’ लिहिणाऱ्या, १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीला निर्भयपणे विरोध करणाऱ्या दुर्गाबाई आपल्या सर्वांच्या परिचयाच्या आहेत. त्यांच्या धाकट्या भगिनी डॉ. कमला सोहोनी यांचे नाव मात्र आपल्या घरांत तितकेसे पोहोचलेले नाही. भागवतांच्या घरातील करारीपणा एका बहिणीने शब्दांत उतरवला, दुसरीने परीक्षानळीत.

कमलाबाईंचा जन्म १९११ सालचा, इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेतून, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेतून, बाहेर पडलेल्या पहिल्या पदवीधरांत त्यांची गणना होते. त्यामुळे मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत १९३३ साली कमलाबाई गुणवत्ता यादीत पहिल्या आल्या, तेव्हा पुढचे पाऊल त्याच संस्थेत पडणार याविषयी घरात कोणालाच शंका नव्हती.

अर्ज गेला आणि नकार आला. गुण कमी पडले नव्हते, विषयही चुकला नव्हता; अर्जदार स्त्री होती एवढेच कारण. नकार देणारे संचालक होते सर चंद्रशेखर वेंकट रामन, तीनच वर्षांपूर्वी नोबेल पारितोषिक मिळवून साऱ्या देशाची मान उंचावणारे. वडील आणि काका यांच्या रदबदलीचाही उपयोग झाला नाही. कमलाबाई स्वतः बंगळूरला गेल्या आणि त्या काळात देशाला परिचित झालेला सत्याग्रहाचा मार्ग त्यांनी धरला. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींसह. पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून नव्हे, तर केवळ परीक्षाधीन म्हणून काढायचे. कामाचा दर्जा संचालकांना पटेपर्यंत त्या कामाला मान्यता नाही. आणि आपल्या उपस्थितीने संस्थेतील पुरुष संशोधकांचे चित्त विचलित होऊ द्यायचे नाही.

यातील शेवटची अट आज वाचतानाही मन खट्टू होते. रामन यांच्या थोरवीविषयी या लेखकाच्या मनात पूर्ण आदर आहे. पण थोर माणसाच्या हातूनही अन्याय घडतो आणि तो झाकून ठेवल्याने थोरवी वाढत नाही. कमलाबाईंनी तर तो कधीच झाकला नाही. उतारवयात महिला वैज्ञानिकांसमोर बोलताना त्यांनी त्या अपमानाची आठवण स्पष्ट शब्दांत सांगितली.

अटी स्वीकारून त्या कामाला लागल्या. मार्गदर्शक श्रीनिवासय्या शिस्तीचे अत्यंत कडक, परंतु शिकण्याची ओढ असलेल्या विद्यार्थ्याला हातचे काही राखून न ठेवणारे. दूध, कडधान्ये आणि डाळी यांतील प्रथिने हा विषय कमलाबाईंनी घेतला. गरिबाच्या ताटात मांस नाही, अंडे नाही. त्याचे पोषण डाळीवर. मग त्या डाळीत नेमके आहे तरी काय, हा प्रश्न त्यांना आयुष्यभर पुरला. वर्षअखेरीस रामन यांचे समाधान झाले आणि त्यानंतर संस्थेने मुलींना प्रवेश देण्यास आरंभ केला. १९३६ मध्ये कमलाबाईंनी एम.एस्सी. पूर्ण केली.

पुढे शिष्यवृत्ती मिळवून त्या केंब्रिजला गेल्या. तेथील जीवरसायन प्रयोगशाळेत जागेची टंचाई होती. डेरिक रिश्टर या संशोधकाने आपले टेबल त्यांना दिवसा वापरायला दिले; रात्री तो त्याच टेबलावर झोपत असे. एकीकडे दाराशी अडवणारा नोबेल विजेता आणि दुसरीकडे झोपण्याचे टेबल मोकळे करून देणारा तरुण सहकारी, असे दोन्ही अनुभव अवघ्या चार-पाच वर्षांच्या अंतराने त्यांच्या वाट्याला आले. रिश्टर अन्यत्र गेल्यावर त्यांनी रॉबिन हिल यांच्याकडे वनस्पतींच्या ऊतींवर काम सुरू केले. सजीवाच्या पेशीत अन्नाचे ‘ज्वलन’ होते तेव्हा आग लागल्यावर माणसे रांगेत उभी राहून पाण्याच्या बादल्या हातोहात पुढे देतात, तसे काही रेणू इलेक्ट्रॉन पुढे सरकवत नेतात. ‘सायटोक्रोम सी’ हे त्या रांगेतील एक प्रथिन. ते वनस्पतींच्या पेशींतही आहे, हे कमलाबाईंनी बटाट्यावरील प्रयोगांतून दाखवले. ज्या साखळीने प्राणी श्वसन करतात, तिच्यातील हा दुवा बटाट्यातही आहे!

प्रबंध जेमतेम चाळीस टंकलिखित पानांचा होता. त्यावर १९३९ मध्ये केंब्रिजने त्यांना पीएच.डी. दिली. स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने विद्यापीठाचे पूर्ण सदस्यत्व देण्यास त्याच केंब्रिजने १९४८ साल उजाडू दिले, हेही येथे नोंदवायला हवे. विज्ञानात डॉक्टरेट मिळवणारी पहिली भारतीय स्त्री असा कमलाबाईंचा उल्लेख नेहमी होतो. तेल्लिचेरीच्या वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांनी अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट १९३१ मध्येच मिळवली होती. तेव्हा त्या बिरुदाचा हट्ट नको. कमलाबाईंचे काम बिरुदावाचून उभे राहते.

परदेशात राहणे सोयीचे होते, पण त्या १९३९ मध्येच परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायन विभाग सांभाळून त्या नीलगिरीतील कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत साहाय्यक संचालक झाल्या. सडलेल्या, पॉलिश केलेल्या तांदळावर जगणाऱ्यांना होणाऱ्या बेरीबेरी या रोगाच्या शोधातून ही प्रयोगशाळा जन्मली होती. गिरणीत तांदूळ पांढराशुभ्र होतो तेव्हा ‘ब’ जीवनसत्त्व कोंड्याबरोबर निघून जाते, हे ज्ञान तमिळ प्रदेशातील भाताच्या खाचरांपासून आपल्या कोकणापर्यंत सर्वांच्या उपयोगाचे.

१९४७ मध्ये मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईला आल्या. रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनाचा विभाग नवा होता. तेथे त्यांनी विद्यार्थ्यांच्या हाताने जे काम केले, ते आपल्या स्वयंपाकघराच्या इतके जवळचे आहे की त्यावर थोडे थांबलेच पाहिजे. कच्च्या वालात प्रथिने भरपूर असतात, पण त्याच दाण्यात आतड्यातील ट्रिप्सिन या पाचक रसाला रोखणारे द्रव्यही असते. म्हणजे प्रथिने पोटात जातात आणि नीट पचत नाहीत. कमलाबाई व त्यांच्या विद्यार्थ्याने वाल आणि डबल बी यांतून हे रोधक द्रव्य स्फटिकरूपात वेगळे केले. ते संशोधन १९५५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उष्णतेने अशा रोधकांचा जोर मोडतो. वाल भिजवून, मोड आणून, सोलून, शिजवून केलेली डाळिंब्यांची उसळ करणाऱ्या आपल्या आज्यांना ट्रिप्सिन हा शब्द ठाऊक नव्हता, पण कच्चे वाल त्यांनी कोणाला खाऊ घातले नाहीत.

नीरेवरील काम अधिक गाजले. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून ते हाती घेतले गेले. नीरेत जीवनसत्त्वे आणि लोह आहे, ताडगुळातही त्यातील बराच अंश टिकतो, आणि कुपोषित आदिवासी मुले व गर्भवती स्त्रियांच्या आहारात नीरेची भर घातली तर प्रकृती सुधारते, असे त्यांच्या प्रयोगांत दिसले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आरे दूध प्रकल्पालाही त्यांचा सल्ला लाभला. संस्थेचे संचालकपद मात्र पात्रता असूनही चार वर्षे लांबले. बंगळूरचे दार एकदा उघडले म्हणून पुढची सगळी आपोआप उघडली, असे झाले नाही.

निवृत्तीपूर्वीच, १९६६ मध्ये, मुंबईत स्थापन झालेल्या भारतीय ग्राहक मार्गदर्शक संस्थेच्या त्या संस्थापक सदस्य होत्या. भेसळ ओळखण्याच्या सोप्या चाचण्या त्यांनी गृहिणींपर्यंत पोहोचवल्या. ‘आहारगाथा’ हे पुस्तक त्यांनी मराठीत लिहिले. मराठी माध्यमातून विज्ञान जमेल का, अशी शंका प्रवेशाच्या दिवसांत पालक विचारतात, तेव्हा हे पुस्तक त्यांच्या हाती द्यावेसे वाटते.

आज बारावीनंतर लगेच त्याच बंगळूरच्या संस्थेत चार वर्षांच्या विज्ञान पदवीसाठी मुलींनाही अर्ज करता येतो. पुण्यात २००६ पासून आयसर आहे, आघारकर संशोधन संस्था आहे, राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे. शाळेच्याच वयात होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा आणि जीवशास्त्र ऑलिम्पियाड आहेत. महाविद्यालयात गेल्यावर विज्ञान अकादमींच्या उन्हाळी शिष्यवृत्तीतून नामवंत प्रयोगशाळेत दोन महिने काम करता येते. आपल्या शाळेतील किती मुलींच्या घरी या वाटांची माहिती पोहोचते, याचा हिशेब हीरकमहोत्सवी वर्षात शिक्षक आणि माजी विद्यार्थी यांनी मिळून करावा.

कमलाबाईंची दखल देशाने उशिराच घेतली. १९९८ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांचा दिल्लीत सत्कार योजला, तेव्हा त्यांचे वय सत्याऐंशीच्या घरात होते. सत्काराच्या त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत त्यांचे निधन झाले.